मामांच्या फॉरवर्डना उत्तर देताना

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता आहेत. माणूस हुशार, वाचन दांडगं. पण घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तापमानवाढ हे थोतांड आहे’ अशा पोस्ट सतत टाकतात. त्यांचे मुद्दे ठरलेले असतात. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपणार हे खोटं निघालं. इंग्लंडच्या शास्त्रज्ञांचे ईमेल फुटले आणि लबाडी उघडी पडली. जुने आकडे ‘दुरुस्त’ करून तापमान वाढवून दाखवतात. नागपुरात ५६ अंश दाखवून लोकांना घाबरवलं. आणि उद्याचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही ते २१००चं काय सांगणार? मी ‘९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात’ असं लिहिलं, तर म्हणाले, ‘शास्त्र मतदानावर चालतं का?’ मला पुढे काही सुचलं नाही. नववीची मुलंही असेच व्हिडिओ बघून येतात. खरं सांगायचं तर आता माझाच विश्वास डळमळू लागलाय. शास्त्रज्ञांवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

उत्तर: मतदानाच्या मुद्द्यावर मामांचं बरोबर आहे, आणि ते त्यांना तसं सांगून टाका. ९७ टक्क्यांचा आकडा प्रामुख्याने २०१३च्या एका पाहणीतून आला. त्यात ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश तपासले होते. सुमारे दोन तृतीयांश सारांशांनी तापमानवाढीच्या कारणाबद्दल काहीच म्हटलं नव्हतं. ज्यांनी म्हटलं होतं, त्यांच्यापैकी ९७ टक्क्यांनी माणसाला जबाबदार धरलं. आकडा खोटा नाही, पण तो पुरावा नव्हे. पुरावा पाहून तज्ज्ञ कुठे पोचले, एवढंच त्यातून कळतं. अभियंत्यासमोर तो ठेवला की वाद मोजमापावरून उठून माणसांवर जातो, आणि तिथे कुणीच हरत नाही.

मामांच्या पाचही मुद्द्यांत काही ना काही खरं आहे, म्हणूनच ते इतके फिरतात. तुम्ही सरसकट ‘खोटं आहे’ म्हणालात की त्यातला खरा भाग त्यांच्या हातात राहतो आणि तुम्ही खोट्या ठरता. म्हणून प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारा: चूक नेमकी काय होती, ती कुणी पकडली, आणि ती दुरुस्त केल्यावर निष्कर्ष बदलला का? तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. भरवसा ठेवायचा तो एकमेकांच्या चुका काढण्याच्या पद्धतीवर. कुणा एका शास्त्रज्ञावर तो ठेवण्याची गरज नाही.

नागपूरचं लवकर आटपेल. ३० मे २०२४ रोजी तिथल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसलं. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ दिसलं होतं. दोन्ही आकडे चुकीचे होते आणि हे हवामान खात्यानेच जाहीर केलं. मुंगेशपूरला प्रमाणित उपकरण शेजारी लावून पाहिलं, तर तिथला संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता. नागपुरातही इतर केंद्रांचे आकडे कितीतरी खाली होते. उपकरण बिघडणं नवीन नाही, चूक झाली ती पडताळणीआधी बातमी चालवण्यात. दीर्घकालीन कल काढताना अनेक दशकांच्या सलग नोंदी असलेली केंद्रं घेतात आणि प्रत्येकाची शेजारच्या केंद्रांशी तुलना करतात. एका दिवसाचा एका जागेचा आकडा खरा असला तरी त्यावरून हवामान बदल सिद्ध होत नाही. मे महिन्यात उकाडा वाढला की मुलांना ‘बघा, हवामान बदल’ असं म्हणायचं तुम्हीही टाळा. नाहीतर डिसेंबरात कडाका पडल्यावर मामा तेच वाक्य उलटं वापरतील.

हिमनद्यांची चूक मात्र मोठी होती आणि तिच्याकडे नीट बघायला हवं. आंतरसरकारी हवामान बदल समिती, म्हणजे आयपीसीसी, ही हवामान बदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. तिच्या २००७च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात, दहाव्या प्रकरणात, हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी आहे, असं वाक्य होतं. त्याला आधार म्हणून दाखवला होता तो एका पर्यावरण संस्थेचा अहवाल, आणि त्या अहवालाचा आधार होता १९९९मधल्या एका विज्ञान साप्ताहिकातली बातमी. तपासलेला शोधनिबंध त्या साखळीत कुठेच नव्हता. शेकडो मीटर जाडीचा बर्फ तीस वर्षांत संपत नाही, हे हिमनदीवर काम करणाऱ्या कुणालाही लगेच खटकलं असतं. त्याच अहवालाच्या पहिल्या खंडात, जिथे हिमनद्यांचा भाग त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिला होता, तिथे हे विधान नव्हतंच.

नोव्हेंबर २००९मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा एक चर्चा-निबंध प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्या असाधारण वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा समितीचे अध्यक्ष असलेल्या राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘वूडू विज्ञान’ अशी संभावना केली. विश्वास तुटतो तो अशा उर्मटपणाने, आणि मामांचा राग इथे रास्त आहे. पुढे कॅनडातले हिमनदीतज्ज्ञ ग्रॅहम कॉगली यांनी त्या वाक्याचा माग काढत मूळ बातमी शोधली, आणि २० जानेवारी २०१० रोजी समितीने चूक मान्य करून खेद व्यक्त केला. त्याच वर्षी जगभरच्या विज्ञान अकादमींच्या एका परिषदेने समितीच्या कामाची झाडाझडती घेतली आणि अशा न तपासलेल्या स्रोतांचे नियम कडक करायला सांगितलं.

आता तिसरा प्रश्न: निष्कर्ष बदलला का? २०३५ हे साल गेलं, वितळणं राहिलं. हिंदुकुश-हिमालयाच्या २०१९च्या मोठ्या आढाव्यानुसार, जगाची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी या भागातला साधारण एक तृतीयांश हिमनद्यांचा बर्फ शतकाअखेर जाईल. मामांना दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगा. एकच सांगितली तर अर्धवट होईल.

ईमेलचं प्रकरणही नोव्हेंबर २००९चंच. ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन केंद्रातले हजारावर ईमेल चोरून प्रसिद्ध केले गेले. त्यातले ‘घट लपवणे’ हे शब्द जगभर गाजले. ही घट तापमापकांतल्या तापमानाची नव्हती. झाडांच्या खोडातल्या वर्षवलयांवरून जुन्या तापमानाचा अंदाज काढतात. उत्तरेकडच्या काही जंगलांत ही वलयं साधारण १९६०नंतर तापमापकाशी जुळेनाशी झाली: तापमापक वर जात होता, वलयांवरून काढलेला अंदाज खाली. ही अडचण शोधनिबंधांत आधीच उघडपणे मांडलेली होती. मात्र १९९९च्या एका जागतिक अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या आलेखात तो घसरणारा भाग कापून तिथे तापमापकाचे आकडे जोडले होते, आणि वाचकाला ते कळेल अशी सोय नव्हती. सर म्युर रसेल यांच्या चौकशी समितीने जुलै २०१०मध्ये हा आलेख दिशाभूल करणारा ठरवला. माहिती मागणाऱ्यांशी तिथले लोक मोकळेपणाने वागले नाहीत, असंही बजावलं. पण शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि काटेकोरपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

त्या समितीचं एक काम मामांना नक्की सांगा, कारण अभियंत्याला ते भिडेल. ‘शास्त्रज्ञांनी आकडे दाबून ठेवले’ हा आरोप तपासायला समितीने जगभरच्या केंद्रांचे उपलब्ध आकडे थेट मूळ स्रोतांतून उतरवून घेतले, काहीशे ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, आणि तापमानाचा आलेख नव्याने काढला. वक्ररेषा तीच आली.

‘आकडे दुरुस्त करतात’ हा मामांचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाही मामांसारखा माणूस हवा. आयुष्यभर त्यांनी नदीच्या पातळीच्या नोंदी हाताळल्या असतील. त्यांना विचारा: ‘मामा, पुलाजवळची गेजपट्टी पुरात वाहून गेली, नवी बसवली आणि तिचा शून्य अर्धा फूट खाली गेला, तर जुन्या-नव्या नोंदी तुम्ही तशाच जोडाल?’ ते जोडणार नाहीत. न दुरुस्त केलेली नोंद नदी अर्ध्या फुटाने चढल्याचं सांगेल आणि ते साफ खोटं असेल. तापमानाच्या नोंदींचंही हेच आहे. केंद्र गावातून विमानतळावर हलतं. लोखंडी छपराखालचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत जातो. वाचन घेण्याची वेळ बदलते. अमेरिकेत पूर्वी बरेच निरीक्षक संध्याकाळी कमाल-किमान तापमापक वाचून पुन्हा लावून ठेवत. कडक उन्हाच्या दिवशी पाच वाजता पुन्हा लावलेला कमाल तापमापक त्या वेळच्या उष्णतेवरच सुरू होतो, आणि दुसरा दिवस थंड असला तरी तोच आकडा पुन्हा नोंदला जातो. एक उन्हाचा दिवस दोनदा मोजला जातो. हळूहळू हे निरीक्षक सकाळी वाचन घेऊ लागले, तेव्हा नोंदींत खोटी थंडी शिरली. ती काढल्यावर अमेरिकेच्या जमिनीवरची तापमानवाढ जास्त दिसते, हे खरं आहे. मामांचा व्हिडिओ बहुधा इथेच थांबतो.

पुढचा भाग समुद्राचा, आणि पृथ्वीचा सत्तर टक्के पृष्ठभाग समुद्र आहे. जहाजावरचे खलाशी पूर्वी कापडी बादलीने पाणी वर ओढून त्यात तापमापक बुडवत. बादली वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी थोडं गार होई. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदू लागले, ते किंचित गरम भरतं. म्हणजे जुने आकडे खऱ्यापेक्षा थंड. ते दुरुस्त केल्यावर जुना समुद्र गरम होतो आणि शतकभरातली वाढ कमी दिसते. जमीन आणि समुद्र एकत्र धरले तर सगळ्या दुरुस्त्यांचा निव्वळ परिणाम हाच आहे: कच्च्या आकड्यांत तापमानवाढ जास्त आहे, दुरुस्त केलेल्यांत कमी. वाढ फुगवायला बसलेला माणूस अशी दुरुस्ती करणार नाही.

दुरुस्ती करणारे सगळे एकाच कंपूतले, असं मामा म्हणतील. तेव्हा दोन नावं सांगा. अलाबामाचे जॉन ख्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर हे हवामान बदलाच्या धोक्याबद्दल जाहीरपणे साशंक असलेले शास्त्रज्ञ. उपग्रहांवरून वातावरणाचं तापमान काढण्याचं त्यांचं काम जुनं आणि मोलाचं आहे. त्यांच्या आकड्यांत सुरुवातीला वाढ जवळपास दिसत नव्हती. उपग्रहांच्या कक्षा हळूहळू खाली येतात, ही बाब धरली नव्हती असं १९९८मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं. दिवसातल्या वेळेच्या दुरुस्तीतली आणखी एक चूक २००५मध्ये सापडली, आणि ती त्यांनी मान्य केली. आज त्यांच्याच नोंदीत दर दशकाला सुमारे ०.१५ अंश वाढ दिसते. दुसरं नाव बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांचं. त्यांना जुन्या नोंदींबद्दल शंका होती. त्यांनी स्वतंत्र गट उभा केला. त्याला मिळालेल्या पैशात खनिज तेलाच्या धंद्यातल्या कोक घराण्याच्या न्यासाचा पैसाही होता. २०१२मध्ये म्युलर यांनी जाहीर केलं की अडीचशे वर्षांत जमिनीचं तापमान सुमारे दीड अंशाने वाढलं आहे आणि कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे.

‘उद्याचा पाऊस सांगता येत नाही’ याला दोन वाक्यं पुरेत. १२ जूनला सांगलीत पाऊस पडेल का, हे महिनाभर आधी कुणीच सांगू शकत नाही, पण जुलैत मार्चपेक्षा जास्त पडेल हे शाळेतलं पोरही सांगतं. पहिल्या प्रश्नात आजच्या हवेच्या मोजमापातली बारीक चूक काही दिवसांत फुगत जाते, दुसऱ्यात सरासरी ठरते ती येणाऱ्या आणि जाणाऱ्या उष्णतेच्या हिशेबाने.

त्या हिशेबात माणसाचा हात कसा ओळखतात, हे मुलांना जरूर शिकवा. पुस्तकात ते क्वचितच नीट येतं. हवाईतल्या मौना लोआवर १९५८पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो ३१५च्या आसपास होता, २०२४ची सरासरी ४२४च्या वर गेली. अंटार्क्टिकातल्या बर्फात अडकलेल्या हवेवरून आठ लाख वर्षांचा इतिहास कळतो, आणि त्यात उद्योगयुगाआधी तो ३००च्या फारसा वर कधी गेलेला नाही. हा वाढीव वायू जुन्या कोळशा-तेलातला आहे, हे कार्बनच्या जातींवरून कळतं. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात तो उरतच नाही. वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात कार्बन-१३ही कमी असतो. हवेत दोन्हींचं प्रमाण त्या दिशेने बदललं आहे, आणि जळण्यात जाणारा ऑक्सिजनही मोजता येईल इतका घटतो आहे. सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय.

आता जिथे तुम्ही सावध राहायचं ती जागा. सांगलीत हा विषय निघाला की २०१९चा महापूर येणारच. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हा पूर हवामान बदलाने आला, असं ठोकून देऊ नका. मामा धरणांतला विसर्ग, अलमट्टी आणि पूररेषेतली बांधकामं काढतील, आणि त्या विषयात त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणता येतं ते एवढं: हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मध्य भारतातल्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं. मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र १९५१ ते २०१५मध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटली, आणि त्यात हवेतल्या धुरा-धुळीच्या कणांचाही हात आहे. तापमान वाढतंय आणि कारण माणूस आहे, यावर तज्ज्ञ ठाम आहेत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर नेमके किती अंश वाढतील, याला ते २.५ ते ४ असा पट्टा देतात. एका तालुक्याच्या २०५०मधल्या पावसाबद्दल ते त्याहून पुष्कळ सावध असतात. जो माणूस या तिन्हींबद्दल सारख्याच ठामपणे बोलतो, त्याच्यापासून जपून राहा, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

मामांशी बोलायचं ते ग्रुपवर नको. दहा नातेवाईक बघत असताना निवृत्त अधिकारी माघार घेणार नाही. फोन करा किंवा घरी जा, आणि एका बैठकीत एकच मुद्दा घ्या. सुरुवात ‘मामा, हिमनद्यांचं तुमचं बरोबर होतं’ इथून करा. बोलता बोलता कदाचित असं निघेल की त्यांचा राग तापमापकावर नाहीच. प्रदूषण केलं श्रीमंत देशांनी आणि उपदेश आपल्याला, हे त्यांना खुपत असेल. तो वाद खरा आहे, आजवरच्या उत्सर्जनात त्या देशांचा वाटा मोठा आहेच, पण तो पैशाचा आणि न्यायाचा वाद आहे. त्याने आकडे खोटे ठरत नाहीत.

आणि मग त्यांच्याबरोबर आकडे उघडा. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांशांच्या चौकटींत विभागलेले दैनिक आकडे फुकट मिळतात: पावसाचे १९०१पासून पाव अंशाच्या चौकटींत, कमाल-किमान तापमानाचे १९५१पासून एक अंशाच्या चौकटींत. सांगली ज्या चौकटीत येते तिचा मध्य १६.५ उत्तर, ७४.५ पूर्व. आकडे उतरवण्याआधीच कोणतं साल ते कोणतं साल, कोणते महिने आणि कोणती पद्धत हे दोघांनी वहीत लिहून ठेवा. नाहीतर जो तो सोयीचं साल निवडेल. १९९८ हे जोरदार एल निनोमुळे फार तापलेलं वर्ष होतं. तिथून सुरुवात करून ‘तापमानवाढ थांबली’ असं बरीच वर्षं दाखवलं गेलं. हाच प्रयोग वर्गात होतो: नासाची जागतिक वार्षिक सारणी घ्या, एका गटाला १९९८ ते २०१२ द्या, दुसऱ्याला १९७० ते आजपर्यंत, आणि दोन्ही उतार फळ्यावर शेजारी मांडा.

सांगलीच्या चौकटीसाठी दर वर्षाची मार्च ते मे या महिन्यांतल्या कमाल तापमानाची सरासरी काढा, एक्सेलमध्ये स्लोप सूत्र लावा, आलेल्या आकड्याला दहाने गुणा, म्हणजे दर दशकाचा कल मिळतो. एका चौकटीत वर्षावर्षांतला चढउतार मोठा असतो, त्यामुळे कल कमी आला तर गडबडू नका आणि जास्त आला तर मिरवू नका. शेजारच्या आठ चौकटी घेऊन पुन्हा करा. संपूर्ण भारताची सरासरी वाढ १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश आहे, त्याच्याशी ताडून बघा. फाइल द्विमान (बायनरी) स्वरूपात असते. रोजचे ३१ गुणिले ३१, म्हणजे ९६१ आकडे. त्यामुळे ती एक्सेलमध्ये थेट उघडत नाही. पायथन या संगणकभाषेत तिच्यासाठी ‘आयएमडीलिब’ नावाचं तयार साधन आहे, मामांचा कुणी नातू किंवा शाळेतले संगणक शिक्षक अर्ध्या तासात बसवून देतील. जिथे नोंद नाही तिथे तापमानाच्या फाइलीत ९९.९ भरलेलं असतं. ते आधी काढून टाकलं नाही तर सरासरी आभाळाला भिडते, आणि मामा पहिल्या पाच मिनिटांत म्हणतील की बघ, फुगवलेच आकडे. म्हणून हिशेबाआधी मे महिन्यातले दहा-बारा दिवस नुसते छापून बघा. सांगलीच्या चौकटीत कमाल तापमानाचे आकडे पस्तीस ते चाळीसच्या घरात दिसले, तर फाइल बरोबर वाचली गेली आहे.